पट्टी कुणाची, गाणे कुणाचे?

कर्जतहून खोपोलीकडे निघालेली लोकल पहिल्याच स्थानकावर थांबते, ते पळसदरी. स्वामी समर्थांच्या मठात जाणारे भाविक येथे उतरतात, तसे पावसाळ्यात ओढे आणि धबधबे पाहावयास येणारे हौशी लोकही उतरतात. अलीकडे त्यांत आणखी एका वर्गाची भर पडली आहे. कर्जत-खालापूर परिसरातील शेतघरांत कचेऱ्यांची, शाळांची, जुन्या विद्यार्थ्यांची संमेलने भरू लागली असून संध्याकाळ झाली की तेथे ध्वनिवर्धक मांडला जातो आणि ‘कराओके’ सुरू होते. वाद्यवृंद यंत्रातून वाजतो, शब्द पडद्यावर उमटतात आणि एरवी हजेरीपटात किंवा खतावणीत मान घालून बसणारा गृहस्थ हाती ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहतो. एका सामान्य माणसाला चार माणसांसमोर गाण्याची संधी मिळते, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तिची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही.

तथापि या संध्याकाळी पुष्कळदा फसतात, हेही खरे. त्याचा दोष गळ्यांपेक्षा निवडीकडे अधिक जातो. पुरुष गायक उभा राहिला की त्याला हटकून महंमद रफींचे चढ्या सुरांचे गाणे आठवते. मुखडा कसाबसा पार पडतो. अंतऱ्यात आवाज तारसप्तकाकडे वळला की मानेच्या शिरा ताणल्या जातात, सूर फाटतो आणि श्रोते सौजन्याने पानसुपारीकडे लक्ष वळवितात. दोन अंतऱ्यांमधील लांबलचक वाद्यसंगीत वाजत असताना गायकाने काय करावे, हाही एक प्रश्नच असतो. टाळ्या अखेरीस मिळतात, पण त्या गाणे संपल्याबद्दल असतात.

या यंत्राचा जन्म कसा झाला, हे पाहिले तर चूक कोठे होते ते स्पष्ट होते. जपानी भाषेत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचे लघुरूप. टोकियोच्या शिगेइची नेगिशी यांनी १९६७ साली असे एक यंत्र बनविले होते. परंतु कराओकेचे जनक म्हणून ज्यांचा बोलबाला झाला, ते कोबे शहरातील वादक दाइसुके इनोउए. मद्यगृहांत गाणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांना ते साथ करीत. त्यांपैकी एका कंपनीच्या प्रमुखाने सहलीत गाता यावे म्हणून त्यांना बरोबर येण्याचा आग्रह केला. इनोउए यांना जाणे शक्य नव्हते. त्यांनी त्या गृहस्थाच्या गळ्याला झेपेल अशा बेताने साथ वाजविली आणि ती ध्वनिफितीवर मुद्रित करून दिली. त्यातूनच १९७१ साली त्यांनी अकरा यंत्रे तयार करविली. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. जगभर पसरलेल्या या शोधाचे मूळ एका बेताच्या गळ्याच्या माणसाची सोय पाहण्यात आहे. साथ गायकासाठी कापून-बेतून घ्यावयाची, गायकाने साथीसाठी गळा ताणावयाचा नाही, हेच त्याचे पहिले सूत्र होते.

महाराष्ट्राला हे सूत्र परके नाही. गायक बैठकीवर बसला की पेटीवाला पहिला प्रश्न विचारतो, तो पट्टीचा. पुरुष सामान्यतः काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार किंवा पाचला. गळा ठरल्यावर गाणे ठरते. चित्रपटगीताची तयार साथ मात्र मूळ पार्श्वगायकाच्या पट्टीत बांधलेली असते, आणि रफींची पट्टी ही रफींच्या गळ्याची मिरास होती. पट्टी खालीवर करण्याची सोय आजच्या यंत्रांत असते. जपानमध्ये तर ती कळ सर्रास वापरली जाते, तिच्यात कोणी कमीपणा मानीत नाही. आपल्याकडे मात्र मूळ पट्टी सोडणे म्हणजे हार पत्करणे, असा एक विचित्र समज रूढ झाला आहे. गाणाऱ्याने आधी घरी अंतऱ्यातील सर्वांत उंच ओळ तेवढी गाऊन पाहावी. ती सहज निघाली नाही, तर पट्टी उतरवावी किंवा गाणे बदलावे. एवढ्या एका खबरदारीने निम्म्या संध्याकाळी वाचतील.

गळ्याइतकाच विचार श्रोत्यांचा व्हावयास हवा. माणसाला त्याच्या शाळा-महाविद्यालयाच्या काळातील गाणी जन्मभर पुरतात. म्हणून निवृत्तीच्या समारंभात गाणारा तरुण असला, तरी गाणे निवृत्त होणाऱ्याच्या तारुण्यातील असावे. सामान्य पुरुषी आवाजाला मुकेश आणि हेमंतकुमार यांची पुष्कळ गाणी सोयीची पडतात. मराठीत तर भांडार मोठे आहे. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा रंगभूमीवरील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी चढा, भरीव स्वर लावणे भाग होते. ध्वनिक्षेपक आला आणि गजाननराव वाटव्यांसारख्यांनी बोलल्यासारखे हळुवार गाणे हजारोंपर्यंत नेले. अरुण दाते हे वस्त्रोद्योगातील अभियंता. त्यांची भावगीते नोकरदार माणसाला आपल्याच आवाजातील वाटली, यात आश्चर्य नाही. सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चालले. त्यातील छप्पन्न गीतांपैकी काहींची धृपदे आजही सभागृहाला पाठ असतात.

आणि येथेच निवडीचा खरा कस लागतो. ज्या गाण्यात इतरांना शिरावयास जागा आहे, ते गाणे मैफल जिंकते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, भजनात बुवाच्या मागे टाळकरी. लोकलच्या डब्यात भजन म्हणणारी मंडळी कामावर पोहोचेपर्यंत सारा डबा आपला करून टाकतात, ते काही तानांच्या बळावर नव्हे. शान्ता शेळके यांचे एक कोळीगीत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत हेमंतकुमारांनी लता मंगेशकरांसमवेत गायिले. पुरुषाचा खर्जाकडे झुकणारा आवाज, समुद्राची लय आणि सर्वांनी उचलावे असे धृपद. रायगड जिल्ह्यातील मेळाव्यात याहून अधिक हुकमी गाणे शोधून सापडणे कठीण.

यावर कोणी म्हणेल, माणूस स्वतःच्या आनंदासाठी गातो, त्याने लोकानुरंजनाची फिकीर का करावी? आक्षेप वाजवी आहे, पण तो स्नानगृहाला लागू पडतो, संमेलनाला नव्हे. चाळीस माणसांची संध्याकाळ हाती घेणाऱ्यावर त्या चाळिसांचे काही ऋण असते. शिवाय अवघड गाणी म्हणण्याची चढाओढ लागली की मागच्या खुर्चीवरचे भिडस्त लोक, म्हणजे शिपाई, नवखी शिक्षिका, बेताच्या आवाजाचा हिशेबनीस, उठतच नाहीत. ज्यांना कधी कोणी गा म्हटले नाही, त्यांच्यासाठी जे यंत्र निघाले, ते पुन्हा दोन-तीन धीट गायकांच्या मालकीचे होते. यात होणारी हानी सुरांपुरती नसते. एकत्र काम करणाऱ्या माणसांनी वर्षातून एकदा एका सुरात येण्याची संधी त्यात जाते.

तेव्हा संयोजकांनी ध्वनिवर्धकाची क्षमता विचारण्यापूर्वी प्रत्येक गाणाऱ्याला त्याची पट्टी विचारावी. पहिले गाणे सर्वांना येणारे ठेवावे, म्हणजे भीड चेपते. शेवटचेही तसेच ठेवावे, म्हणजे कोणी रिकाम्या गळ्याने घरी जात नाही. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहेच, आणि पळसदरीत सहलीला आलेल्यांखेरीज पहाटे उठून कामाला जाणारी माणसेही राहतात. यंत्र बंद झाल्यावरही मंडळी अंगणात बसून तेच धृपद हलक्या आवाजात गुणगुणत राहिली, तर निवड अचूक होती असे खुशाल समजावे.