‘वीन’ : दूध तोडणे की अन्नाची सवय लावणे?

आपण डॉक्टर मंडळी दिवसातून कितीदा तरी ‘वीन’ हे इंग्रजी क्रियापद वापरतो. अतिदक्षता विभागात रुग्णाला व्हेंटिलेटरवरून ‘वीन’ केले जाते, स्टेरॉइडची मात्रा उतरवतानाही हाच शब्द येतो आणि बालरोगतज्ज्ञाच्या कक्षात तर आईचा पहिला प्रश्नच असतो, “डॉक्टर, वीनिंग कधी करायचं?” या तिन्ही ठिकाणी आपल्या मनात एकच अर्थ असतो : सोडवणे, दूर करणे. शब्दाचे मूळ पाहिले तर मात्र वेगळेच चित्र दिसते.

प्राचीन इंग्रजीत ‘वेनिअन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ होता सवय लावणे, रुळवणे. जर्मन भाषेतील ‘गेव्होनेन’ हे त्याचेच भावंड असून त्याचा अर्थ आजही ‘सवय लावणे’ असाच आहे. जर्मनांना दूध सोडवण्याविषयी बोलायचे असते तेव्हा ते ‘एंट’ हा वियोगदर्शक उपसर्ग लावून ‘एंटव्होनेन’ असा निराळा शब्द योजतात. इंग्रजीत उपसर्ग गळाला आणि जोडण्याचा अर्थ असलेल्या धातूवरच तोडण्याचा अर्थ येऊन बसला. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते आणखी मागे, इच्छा व प्रीती दर्शवणाऱ्या एका आदिम धातूशी जोडतात. आपल्या संस्कृतातील ‘वन्’ हा धातू आणि लॅटिनमधील ‘व्हीनस’ ही त्याच कुळातली. जुना अर्थ अगदीच लोपलेला नाही. एखादा माणूस अभिजात संगीतावर ‘वीन’ झाला, असे इंग्रज म्हणतो तेव्हा तो त्यावर पोसला गेला, असेच त्याला सुचवायचे असते.

ही शब्दचिकित्सा स्मरणिकेची पाने भरण्यासाठी नाही. अर्थाच्या या उलथापालथीची किंमत आपली बाळे मोजतात. घरात आपण ‘दूध तोडणे’ म्हणतो, शेजारची हिंदी भाषिक मंडळी ‘दूध छुड़ाना’ म्हणतात. दोन्हींत भर आहे तो विच्छेदावर. परिणामी कुठे स्तनाला कोरफडीचा गर किंवा कडुनिंब लावून एका दिवसात दूध बंद केले जाते, तर कुठे ‘अजून दूध पुरतंय, तोडायची घाई कशाला?’ म्हणून आठवा-नववा महिना उलटला तरी बाळाच्या तोंडी वरणाच्या पाण्यापलीकडे काही जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ४६ टक्के बाळांनाच आईच्या दुधासह घन वा अर्धघन अन्न मिळत असल्याचे आढळले. सहा ते तेवीस महिन्यांच्या वयोगटात पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण तर ११ टक्क्यांच्या आसपासच होते. या आकड्यांमागे दारिद्र्य आहे, अज्ञान आहे; पण सुस्थित घरांतही जे घडते, त्यात आपल्या संदिग्ध शब्दांचा वाटा नाही असे म्हणवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे : पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि त्यानंतर वरचे अन्न, पण दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालूच. म्हणूनच तज्ज्ञांनी ‘वीनिंग’ऐवजी ‘पूरक आहार’ हा शब्द पुढे आणला. आपली परंपराही याहून वेगळे सांगत नाही. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त दात आलेल्या बाळाला क्रमाक्रमाने स्तन्यापासून दूर करावे असे सांगितले आहे. त्यातील ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द मोलाचा. आणि आपल्या घरातले ‘उष्टावण’? त्या सोहळ्यात काही तोडले जात नाही, बाळाची अन्नाशी ओळख करून दिली जाते.

माझे मत असे की, व्हेंटिलेटरपुरता ‘वीन’ खुशाल राहू द्यावा, पण आईशी बोलताना तो शब्द आपण कटाक्षाने टाळावा. “दूध कधी तोडायचं?” असे तिने विचारले, तर “तोडायचं नाही, सहा महिने पूर्ण होताच मऊ भात, घट्ट वरण, कुस्करलेलं केळं यांची सवय लावायची आणि दूध चालूच ठेवायचं,” असे आपण सांगावे. औषधाच्या चिठ्ठीतील अक्षराइतकीच तोंडच्या शब्दाचीही जबाबदारी वैद्यावर असते. पुष्कळदा आई चिठ्ठी हरवते, शब्द मात्र लक्षात ठेवते.