गलोल हाती देताना



उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी मुले जमली की दुकानाच्या हिशेबापेक्षा घरातील प्रश्नांचा हिशेब अवघड होऊन बसतो. यंदा असाच एक प्रश्न माझ्यापुढे आला. अकरा वर्षांच्या नातवाने आठवडी बाजारात गलोल पाहिली आणि तो माझ्या मागेच लागला, "आजोबा, मला एक घेऊन द्या ना. मी फक्त डब्यावर नेम धरीन." माझे थोरले बंधू शेजारीच वाचत बसले होते. पुस्तकातून मान वर न करता ते म्हणाले, "आपल्या घरात ती वस्तू नको." सूनबाईंचे मत वेगळे पडले. दिवसभर मोबाइलमध्ये डोळे घालून बसण्यापेक्षा मुलगा मोकळ्या हवेत हात आणि डोळा यांचा मेळ घालायला शिकला तर त्यात वाईट काय, असे त्यांचे म्हणणे. मला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि म्हणूनच त्या दिवशी मी कोणालाच उत्तर दिले नाही.

माझ्या मौनाला आणखी एक कारण होते. नातवाच्याच वयाचा असताना मी मामांच्या गावी सुट्टीत एक गलोल केली होती. पेरूच्या फांदीचे बेचके, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा. आठ दिवस कैऱ्या पाडल्या, दगडांवर दगड मारले. नवव्या दिवशी कडुनिंबावर एक होला घुमत बसला होता. माझा नेम आयुष्यात इतका अचूक पुन्हा कधी लागला नसेल. होला लगेच मेला नाही. अंगणातील धुळीत एक पंख आपटत तो गोल गोल फिरत राहिला. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, त्याला ओंजळीत घेतले, चोचीला पाण्याचा थेंब लावला आणि नवकार म्हणू लागली. थोड्या वेळाने तिच्या हातातच त्याची मान कलंडली. आई मला रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "तुला भूक लागली होती का रे?" मी नाही म्हटले. "मग?" या एका शब्दाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज साठी उलटल्यावरही नाही.

भूक लागली असती तरी आपल्या घरात त्या हत्येला क्षमा नव्हतीच. परंतु आईचा प्रश्न अगदी नेमका होता. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी आठवे व्रत अनर्थदंड विरमणाचे. ज्या हिंसेला पोटाचे, संरक्षणाचे, व्यवसायाचे कसलेच प्रयोजन नाही, ती अनर्थ हिंसा. गंमत म्हणून मारलेला पक्षी हे तिचे सर्वांत सोपे उदाहरण. याच व्रतात हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे हिंस्रप्रदान, हाही दोष सांगितला आहे. आपण व्यापारी माणसे. वस्तू देणे-घेणे हाच आपला धर्माचा आणि चरितार्थाचा व्यवहार. म्हणून हे कलम आपल्याला अधिक लागू पडते. नातवाला गलोल देणारा हात माझा असेल, तर तिच्यातून सुटणाऱ्या प्रत्येक गोळीच्या खात्यात माझेही नाव आहे.

दोन दिवस विचार केला. मी दिली नाही तर तो मित्राकडून घेईल, आणि ती कुठे, कशी चालवायची हे त्याला कोणी सांगणार नाही. शेवटी मी ठरवले की गलोल द्यायची, पण ती मीच निवडायची, मीच शिकवायची आणि मी समोर असतानाच ती चालायची. बंधूंना हे पटले नाही, आजही पटलेले नाही. त्यांचा मान राखून पुढील माहिती देत आहे. आपल्या घरी असाच हट्ट झाला, तर निर्णय कोणताही असो, तो जाणतेपणाने व्हावा.

प्रथम वस्तूविषयी. पूर्वी गलोल म्हणजे मातीच्या गोळ्या मारण्याचे धनुष्य. रबराची गलोल ही त्यामानाने नवी. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८४४ साली मिळाले, आणि तसे लवचीक, चिवट रबर सर्वत्र पोहोचल्यावर हे बेचके मुलांच्या हाती आले. शेताच्या माळ्यावरून फिरवतात ती गोफण वेगळी. तिच्यात रबर नसते, दोरीच्या फिरण्याने दगडाला वेग मिळतो.

बेचके निवडताना मुलाच्या मुठीचे माप पाहावे. दांडा मुठीत पुरता बसावा आणि दोन टोकांमध्ये साधारण चार बोटे अंतर असावे. पेरू किंवा चिंच यांचे लाकूड चिवट असते. त्यासाठी जिवंत फांदी तोडण्याचे कारण नाही. छाटणीत पडलेली किंवा वाऱ्याने मोडलेली फांदी घ्यावी, सावलीत पुरती वाळू द्यावी. ओले लाकूड वाळताना तडकते. बाजारात मनगटाला आधार देणाऱ्या लोखंडी गलोली मिळतात. त्यांचे रबर बहुधा मोठ्या माणसाच्या ताकदीचे असते, म्हणून लहान मुलासाठी त्या घेऊ नयेत.

गलोलीचा प्राण रबरात आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी जड ओढली जाते आणि सावकाश आकसते. लॅटेक्सची पातळ सपाट पट्टी हलकी ओढली जाते आणि चपळ असते. तिची लांबी अशी ठरवावी : मुलाने डावा हात समोर ताठ धरावा, आणि त्या मुठीपासून उजव्या गालापर्यंतचे अंतर मोजावे. ते साठ सेंटिमीटर भरले, तर बेचके ते झोळी एवढी मोकळी पट्टी पंधरा सेंटिमीटर ठेवावी. म्हणजे ताणल्यावर ती चौपट होते. त्याहून फार ताणली की लवकर तुटते. पूर्ण ताणलेली पट्टी धरताना मुलाचा हात थरथरत असेल, तर ते रबर त्याच्यासाठी जड आहे असे समजावे. ऊन आणि उष्णता यांनी रबर कुजते. रोज सुरुवातीला पट्टी ताणून दोन्ही कडा पाहाव्यात. बारीकशी चीर दिसली तरी ती पट्टी टाकून द्यावी, कारण तुटलेले रबर उलट चेहऱ्यावर येते. डोळ्यांवर चश्मा, तोही न फुटणारा, ही माझी पहिली अट होती.

गोळी बसते त्या झोळीला सर्वत्र चामडे वापरतात. आपण ते टाळू शकतो. जीन्सच्या जाड कापडाचा दुहेरी शिवलेला तुकडा उत्तम काम देतो. नातवाची झोळी सूनबाईंनी शिवून दिली.

गोळ्यांच्या बाबतीत मी आग्रही राहिलो. रस्त्यावरचा खडा वेडावाकडा असतो आणि तसाच वेडावाकडा जातो. पोलादी छर्रा कठीण जागी लागला की उसळून परत येतो. काचेची गोटी फुटून तिच्या कपच्या उडतात. आम्ही चाळलेल्या चिकणमातीच्या बोराएवढ्या गोळ्या वळल्या आणि तीन दिवस सावलीत वाळवल्या. अशी गोळी आपटली की तिचा चुरा होतो, उसळत नाही, आणि मागे कचराही राहत नाही. माती घेताना तीत मुंग्या-किडे नाहीत ना, हे पाहण्याचे काम नातवाकडे दिले.

जागा निवडताना गच्ची कदापि घेऊ नये. चांगल्या रबराची गोळी शंभर पावलांपलीकडेही जाते आणि खालच्या गल्लीत कोण चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. आमच्या गोदामामागे बंद भिंत आहे. तिच्यापासून वीतभर पुढे दोन बारदाने एकावर एक, सैल लोंबती ठेवून टांगली. ताणून बांधलेले कापड गोळी परत फेकते, सैल कापड तिचा वेग गिळते. त्यांच्यापुढे सुतळीला तेलाचा रिकामा डबा टांगला. पहिले पंधरा दिवस अंतर पंधरा फूट, नंतर तीस फूट. पाहणाऱ्यांनी मारणाऱ्याच्या मागे उभे राहायचे, आणि कोणीही पुढे गेले की गलोल जमिनीवर ठेवायची.

नेमाचे रहस्य ताकदीत नाही, सारखेपणात आहे. डावा खांदा डब्याकडे करून उभे राहावे, डावा हात सरळ ठेवावा. झोळी दरवेळी गालाच्या एकाच जागी आणावी. रबराच्या दोन्ही बाजू सारख्या ताणल्या आहेत हे पाहावे, नाहीतर गोळी बेचक्यावर आपटून परत फिरते. दृष्टी गोळीवर नसावी, लक्ष्यावर असावी. श्वास हलकेच सोडत असताना बोटे नुसती उघडावीत. झटका दिला की नेम चुकतो. गोळी न घालता रबर कधीही सोडू नये, ते हातावरच फटका मारते. रोज तीस गोळ्या पुरे. आम्ही एक वही घातली आणि रोजमेळासारखी तीत नोंद ठेवली. पहिल्या दिवशी तीसपैकी चार जमा, महिन्याने सतरा. मुलाच्या मनाला किती स्थैर्य आले ते या आकड्यांवरून मला कळत होते.

आता ज्या गोष्टीसाठी अनेक जण गलोल घेतात, त्या लहान शिकारीविषयी. पक्षी, खार, ससा यांवर गलोल धरणे आपल्याला वर्ज्य आहे, हे सांगायला नको. पण मुलाला 'पाप लागते' एवढे सांगून भागत नाही, त्याला वस्तुस्थितीही सांगावी. चिमणीचे वजन सुमारे तीस ग्रॅम, काचेच्या साध्या गोटीचे सुमारे पाच ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढा गोळा वाहनाच्या वेगाने अंगावर आला, तर काय होईल याचा त्यानेच विचार करावा. घाव वर्मी लागला नाही तर मरण सोपे होत नाही, उलट लांबते. मोडलेल्या पंखाचा पक्षी भुकेने किंवा मांजराच्या तोंडी मरतो. घरट्यात पिल्ले असतील तर तीही त्याच्याबरोबर. कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात केवळ मारणे येत नाही. जखमी करणे, मारण्याचा प्रयत्न करणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, हे सारे येते.

इतके सर्व सांगूनही, एके संध्याकाळी व्हायचे ते झालेच. डब्यावर एक कावळा येऊन बसला. नातवाने माझ्याकडे पाहिले नाही. झोळी ओढली आणि सोडली. गोळी बारदानावर फुटली, कावळा उडाला. "मी फक्त त्याला उडवत होतो," तो घाईने म्हणाला. मी म्हटले, "कावळा वाचला तो नेम चुकला म्हणून. तू त्याला वाचवले नाहीस." मग त्या पायरीवर बसून मी त्याला होल्याची गोष्ट सांगितली. आजवर ती मी घरात कोणालाही सांगितली नव्हती. आईचा प्रश्नही सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले, "आजोबा, मग तुम्ही त्याची क्षमा कशी मागितली?" मी खरे तेच सांगितले : दर संवत्सरीला चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागताना मला एक होला वेगळा आठवतो.

गलोल पंधरा दिवस बंद राहिली. बंधू म्हणाले, "आता तरी कायमची बंद कर." मी त्यांना नाही म्हणू शकलो नाही आणि हो म्हणणेही जमले नाही. सोळाव्या दिवशी नातू स्वतःहून आला. हातात गोळ्यांची पिशवी होती. "ही तुमच्याकडे राहू द्या," तो म्हणाला, "गलोल माझ्याकडे. दोन्ही एका जागी नकोत." प्रतिक्रमणात आपण ज्या अतिचारांची आलोचना करतो, त्यात संयुक्ताधिकरण हा एक आहे : हिंसेची साधने जोडून, वापरायला सज्ज ठेवणे. हा शब्द मी त्याला शिकवला नव्हता. आता पिशवी माझ्या दुकानातील खणात असते. मारायचे असेल तेव्हा तो मागायला येतो, आणि पिशवी देण्याआधी आम्ही दोघे भिंतीवर, तारेवर, डब्यावर कोणी बसलेले नाही ना, ते पाहून येतो.

बंधू अजूनही त्या भिंतीकडे पाहत नाहीत. कदाचित त्यांचेच बरोबर असेल. आपल्या घरी मूल गलोल मागेल तेव्हा नाही म्हणणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे, यात शंका नाही. हो म्हणायचे असेल, तर तिच्याबरोबर आपला रोजचा अर्धा तासही द्यावा लागेल. तेवढी सवड नसेल, तर गलोल देऊ नये.

जय जिनेंद्र.