लाकडाला फाशी, धुराला माफी

लखनौत लाकडी सांगाड्याचे घर बांधतोय म्हणून सांगून पाहा. पहिला प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे सरणावरच राहायचं?’ पाठोपाठ बडा इमामबाडा पुढे केला जातो. १७८४ मध्ये आसफउद्दौलाने बांधायला घेतलेला हा दिवाणखाना जवळजवळ पन्नास मीटर लांब, आणि छताला तुळई नाही, लाकडाची ना लोखंडाची. मराठी माणूस त्यात शनिवारवाड्याची भर घालतो : १८२८ च्या आगीत मजल्यांवरचे मजले गेले, उरले ते जोते आणि तट.

हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. शनिवारवाडा जळाला, हे कोण नाकारील? पण इमामबाडा या खटल्यात साक्षीदार होऊच शकत नाही. लखौरी विटा, चुना आणि कित्येक फूट जाडीच्या भिंती यांवर ते छत उभे आहे. गोमतीनगरात तसे घर बांधायला घेतले तर प्लॉट भिंतींतच संपेल. आजचे लखनौ सिमेंट-सळईचे आहे, तेव्हा हिशेब त्याचा मांडू.

जून २०१८ मध्ये चारबागेतल्या दोन हॉटेलांना आग लागली, किमान पाच माणसे गेली. ५ सप्टेंबर २०२२ ला हजरतगंजमधले लेवाना हॉटेल पेटले, चौघे गेले. लेवानात काँक्रीटचे खांब जागेवर राहिले. माणसे धुरात कोंडली. खिडक्यांना लोखंडी गज होते. जवानांना काचा फोडून आत शिरावे लागले. पुढे चौकशी झाली, निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी निलंबित झाले. यात लाकडाचा गुन्हा कोणता? लंडनचा ग्रेनफेल टॉवरही काँक्रीटचाच. २०१७ मध्ये तिथे ७२ माणसे मेली, कारण बाहेरून चढवलेल्या आवरणात प्लॅस्टिक होते.

लाकूड जळते, हे सांगायला तज्ज्ञ नको. ते कसे जळते, हे मात्र चुलीपुढे बसलेल्या कुणालाही विचारावे. काटक्या भुर्रकन पेटतात. जाड ओंडका एकटा ठेवला तर नुसता धुमसत राहतो. जळक्या तुळईवरचा काळा थर वाकसाने तासा, आत कोरे लाकूड निघते. कोळशाचा थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. जाड तुळई मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जळत जाते. एक तास टिकवायची तर किती जाडी वाढवायची, हे इंजिनिअरला आधीच ठरवता येते. उघडे पोलाद ५५०-६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून वाकू लागते.

अमेरिकेतली घरे बहुतांशी बारीक फळ्यांच्या सांगाड्याची. ते ओंडके नव्हेत, काटक्याच. तिथे सारी भिस्त जिप्सम बोर्डावर. जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा बांधलेले पाणी असते. त्याची वाफ होऊन जाईपर्यंत मागचे लाकूड फारसे तापत नाही. बोर्ड लावलेले नाहीत, वायरींची भोके बुजवलेली नाहीत, तोवर असे घर खरोखरच धोक्याचे. प्लायवूडची पेटी उभारून तिला ‘वुडन होम’ म्हणून विकणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. वाळवीचा मुद्दाही खरा, पण त्यावर उपचार आहेत.

आता लाकडाच्या बाजूने. साग काँक्रीटच्या साधारण चौथाई वजनाचा, आणि भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाप्रमाणे बसतो. २०१५ चा नेपाळचा धक्का लखनौने अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसे गाडली ती दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीने. भिंती कोसळल्यावरही अनेक घरांचे लाकडी खण उभे होते. योगायोग असा, की त्याच १९९३ पासून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या बांधकामांत लाकूड बंद केले होते. आगीच्या भीतीने नव्हे, जंगले वाचवायला. ती बंदी २०२० मध्ये उठली. लागवडीचे लाकूड वापरले तर झाडाने शोषलेला कार्बन घरात साठून राहतो, हेही आता सरकारदरबारी मान्य आहे. राहिली ती आपल्या मनातली बंदी.

लखनौच्या नकाशे मंजूर करणाऱ्यांकडे मागणी एवढीच : घर कशाचे, हे विचारण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट कुठे, धूर कुठून निघणार आणि खिडकीचे गज आतून उघडतात का, हे विचारा. लाकूडवाल्याला विचारा आणि काँक्रीटवाल्यालाही. या तिन्हींची उत्तरे नसतील त्या नकाशावर शिक्का मारू नका.