पाहुण्यांसाठी रंगवलेला नकाशा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या वायव्येला राऊट काउंटी आहे. पसारा मोठा, वस्ती जेमतेम पंचवीस हजार. गुरांची कुरणं, यांपा नदी आणि हिवाळाभर भुसभुशीत बर्फ. निम्म्याहून अधिक माणसं स्टीमबोट स्प्रिंग्ज या एकाच गावात राहतात. स्कीइंगसाठी ते पूर्वीपासूनच नावाजलेलं. पण राहतं घर चार-दोन दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्याने द्यायची सोय करणारं ‘एअरबीएनबी’ हे संकेतस्थळ आलं आणि तिथल्या साध्या गल्लीतल्या घरालाही हॉटेलचा भाव आला. मग शिक्षकाला किंवा बसचालकाला वर्षाच्या कराराने घर द्यायचं कशाला? चार दिवसांचा पाहुणा जास्त देतो. पाहुण्याने तिसऱ्या दिवशी निघावं असं सांगणारी म्हण आपल्याकडे आहे; स्टीमबोटमध्ये निघायची पाळी राहणाऱ्यावर आली.

2022 मध्ये नगर परिषदेने गावाचा नकाशाच तीन रंगांत वाटला. हिरवा पट्टा स्कीच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे परवाना काढा आणि खुशाल पाहुणे ठेवा. पिवळ्यात परवान्यांची संख्या बांधलेली. लाल भागात, म्हणजे मुख्यतः राहत्या वस्तीत, नवा परवाना नाही. आणि गावाची हद्द ओलांडली की रंगांची भानगडच नाही: काउंटीच्या अखत्यारीतल्या ग्रामीण भागात असा व्यवसाय चालतच नाही.

दोनेक तासांवरच्या समिट काउंटीने वेगळा हिशेब मांडला. कोलोरॅडोतल्या काउंट्यांना असे परवाने देण्याचा स्पष्ट अधिकार 2020 च्या कायद्याने मिळाला होता. त्याच्या आधारे समिटने 2023 च्या फेब्रुवारीत रिसॉर्टचा भाग वगळून उरलेल्या वस्त्यांत खोरेवार मर्यादा घातली. ब्लू नदीच्या वरच्या खोऱ्यात 590 परवाने, टेनमाइलच्या खोऱ्यात अवघे 20. शिवाय एका घराला वर्षाला 35 बुकिंग. यात मेख आहे. एका रात्रीचं बुकिंगही एकच आणि आठवड्याचंही एकच. त्यामुळे शनिवार-रविवारी गोंगाट करून जाणाऱ्या टोळक्यापेक्षा आठवडाभर राहणारं कुटुंब मालकाला परवडतं. बाकी नियम अगदी चाळीतल्या भांडणांसारखे वाटतात: गाड्या किती, कचरा कुठे, माणसं किती. फरक इतकाच की इथे कचऱ्याचा डबा उघडा राहिला तर शेजारी यायच्या आधी अस्वल येतं. घरमालक हजार मैलांवर राहत असला, तरी तक्रारीचा फोन उचलणारं कुणीतरी जवळपास असावंच लागतं.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. पाहुण्यांच्या भाड्यावर कर्जाचे हप्ते फेडणारे निवृत्त लोक त्यांच्यात आहेत. घर आमचं, मग कुणाला ठेवायचं हे परिषद का ठरवणार, असा त्यांचा सवाल. पण अख्ख्या गल्लीत वर्षभर राहणारं एकही कुटुंब उरलं नाही, तर शाळा कुणाच्या मुलांसाठी चालवायची, या सवालाला त्यांच्याकडे उत्तर नाही. इथे परिषदेचंच खरं.

तरीही नकाशा रंगवल्याने घर बांधलं जात नाही. स्टीमबोटच्या मतदारांनी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अल्पमुदतीच्या भाड्यावर 9 टक्के जादा कर मंजूर केला. पैसा परवडणाऱ्या घरांसाठी जाणार होता. जागाही हाताशी होती: आदल्याच वर्षी एका अनामिक दात्याच्या 2 कोटी 40 लाख डॉलरच्या देणगीतून स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाने गावाला लागून पाचशेहून अधिक एकरांचं ब्राउन रँच घेतलं होतं. तिथे टप्प्याटप्प्याने 2,264 घरं उभारायची योजना होती.

ही जमीन गावात सामील करायची की नाही, यावर 2024 च्या मार्चमध्ये मतदान झालं. लोकांनी नाही म्हटलं. कुणाला खर्चाची धास्ती, कुणाला पाण्याची, कुणाला गाव एवढं फुगण्याचीच. पाहुण्याकडून कर घ्यायला तयार असलेलं गाव नव्या शेजाऱ्याला जागा द्यायच्या वेळी अडलं. त्याच वसंतात वर्षाला नव्वदहून अधिक दिवस भाड्याने जाणाऱ्या घरांना हॉटेलच्या दराने मालमत्ता कर लावणारं राज्याचं विधेयकही सिनेटच्या समितीतच गारद झालं. घरमालकांनी त्याविरुद्ध जोर लावला होता. लाल भागातली बंदी आणि 9 टक्के कर मात्र राहिले. स्टीमबोटमध्ये कामाला येणारे कितीतरी जण चाळीसेक मैलांवरच्या क्रेग गावात राहतात आणि भर बर्फातही रोज ये-जा करतात.