पवईचा जलविहार

घटकाभर नावेत बसावयाचे, तर पवईकराने थेट गेटवे ऑफ इंडिया गाठावे, अशी रीतच पडून गेली आहे. वस्तुतः विस्तीर्ण तलाव त्याच्या दाराशीच आहे. मुंबईची तहान भागविण्यासाठी तो १८९१ साली सिद्ध झाला; परंतु पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि शहराने त्याकडे पाठ फिरविली. पुढे भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात मिसळत गेले, जलपर्णी माजली. अशा पाण्यात वल्हे मारावयाचे कोणी?

महापालिकेस अगत्य वाटले ते काठाचे! तिने हाती घेतलेला सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली बेकायदा ठरविला आणि केलेले बांधकाम काढून टाकण्यास फर्माविले. त्यापासून घ्यावयाचा बोध उघड आहे. प्रथम सांडपाण्याचे नाले तलावापासून वळवावेत. मग मगरींची ठिकाणे कटाक्षाने वगळून मोजक्या वल्ह्यांच्या नावा सोडाव्यात. यंत्रनौकांचा गोंगाट मुळीच नको. जलविहार ही चैन आहे, असे आम्ही मानीत नाही. काठावरून फिरणाऱ्यास पाण्याकडे डोळेझाक करता येते. नावेत बसलेल्या नागरिकास ती करता येत नाही.