आसन एकाचे, चूल दुसरीची

ध्यानधारणेने संसार सुखाचा होतो, असे आजकाल ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येते. प्रवचनकार सांगतात, शिबिरांना जाऊन आलेले सांगतात, आणि बायकोशी दोन शब्द धड न बोलणारा नवराही सांगतो. ध्यानाला माझा विरोध नाही. पण सुखाचा होतो तो कोणाचा, हे कोणी सांगत नाही. माझे भांडण तेवढ्याशीच आहे.

आपल्या संतांच्या घरांतच पाहू. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनात बसत, तेव्हा जिजाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढे, असे परंपरा सांगते. कीर्तनकारांनी मात्र तिला कजाग ठरवून पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांना हसवले. १६३०च्या दुष्काळाने मोडलेले घर, पदरी पोरे, दुकानाचे दिवाळे. या बाईने तोंड सोडले तर नवल ते काय? तुकोबांची थोरवी याने तसूभरही उणी होत नाही. पण त्या थोरवीची शिदोरी कोणी वाहिली, ते विसरू नये.

आता नाण्याची दुसरी बाजू. तुकोबांची शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) भजनात रंगली, तेव्हा नवऱ्याने तिला मारले. हे तिनेच आपल्या अभंगांत लिहून ठेवले आहे. म्हणजे नवरा चिंतन करी तर बायकोने भाकरी न्यावी, आणि बायको करी तर पाठीवर वळ सोसावे!

काळ पालटला म्हणता? १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे भरतात. दहा दिवस मौन; फी नाही; स्त्रियांनाही मज्जाव नाही. फार चांगले. पण फी नसली तरी दहा दिवस तर लागतात! आमच्या गोंदियाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकलेली असते आणि घरी येऊन चूल पेटवते. उन्हाळ्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला रानात जाते, दुपारी त्याचे पुडे बांधते. तिला कोण दहा दिवस देणार? आणि अशा बाईला “मन शांत ठेव, संसार गोड होईल,” असा उपदेश करणे म्हणजे निव्वळ थट्टा आहे. विश्रांती तिच्या मनाआधी कमरेला हवी.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे ओळखले होते. सामुदायिक प्रार्थना शिकवताना त्यांनी तिला ग्रामसफाईची जोड दिली. १९५५च्या ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला. आमच्या गावांतून प्रार्थना आजही चालते. पण पुष्कळांनी सोयीची वाटणी केली आहे: प्रार्थना स्वतः घेतली, खराटा बायकोच्या हाती दिला.

मी शाळामास्तर. वर्गात विचारले, संध्याकाळी घरी काय करता, तर मुली सांगतात, “भांडी घासतो”, मुले सांगतात, “खेळतो.” उद्याचा आसनावर बसणारा आणि उद्याची चुलीपुढे बसणारी आजच ठरून गेली आहेत.

ध्यानाने माणसाला राग उसळण्याआधी क्षणभर थांबता आले, तर तो मोठाच लाभ. परंतु संसारात ध्यानाची परीक्षा आसनावरून उठल्यानंतर सुरू होते. घागर कोणी उचलली? रडते पोर कोणी घेतले? ध्यानाने आपला संसार सुखी झाला, असे कोणी सांगू लागला तर त्याचे ऐकू नका. त्याच्या बायकोला विचारा. आणि तेही तो समोर नसताना.