पिठ्याचे वैरी

पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला दिसला, 2010 पर्यंत पुण्याकडे पोचला. फवारून फवारून शेतकरी दमले. त्याच वर्षी बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक ब्युरोने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या इवल्याशा गांधीलमाश्या आणवल्या. त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात, अळी त्याला आतून खाते. तिघींची शिकार एकच! त्यांत असेरोफॅगस पपायी सरस ठरली.

हल्ली तापमानावरून किडीचा अंदाज सांगतात. उत्तम. पण ऊन वाढले की किडीची पिढी लवकर पुरी होते, तशी माशीचीही, आणि दोघींचा वेग सारखा नसतो. नुसती कीड मोजून 'फवारा' सांगणारा सल्ला मला अर्धवट वाटतो. आमच्या वरव्यात पंप पाठीला लावण्याआधी पान उलटून पाहतो कोण? पांढऱ्या मेणाखाली ढेकूण वाचतो, उघडी माशी मरते. औषधाचा दुकानदार हे कशाला सांगेल?